पूरबोटी आणि पाच इंचांची चूक

पवना धरणाच्या पाणीसाठ्याची टक्केवारी हा पिंपरी-चिंचवडकरांच्या पावसाळी वाचनाचा ठरलेला भाग आहे. धरण भरेपर्यंत ती दिलाशाची बातमी असते. भरले आणि विसर्ग सुरू झाला की तीच बातमी सांगवी, दापोडी, पिंपळे गुरव आणि पिंपरीच्या नदीकाठच्या वस्त्यांसाठी धास्तीची ठरते. मुळशीचे पाणी मुळेतून येते, पवनेचे दापोडीजवळ तिला मिळते. शहराच्या उत्तरेला चिखली-मोशीकडून इंद्रायणी वाहते आणि तिच्या पलीकडे चाकणचा औद्योगिक पट्टा पसरला आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने पुण्यातील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, त्या पावसात पिंपरी-चिंचवडचा नदीकाठही सुटला नाही. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक प्रसंगी मदतीला धावते ती बोट. मात्र बोटींविषयीची सार्वजनिक चर्चा ‘किती आहेत’ या एकाच प्रश्नाशी थांबते. आहेत त्या बोटींना लावलेले इंजिन त्यांच्या मापाचे आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

बचावकार्यातील रबरी किंवा फायबरच्या बोटीला मागे टांगून बसवायचे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. पथकांच्या बोलीत ‘ओबीएम’. हे इंजिन बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, शिकंजाच्या स्क्रूंनी आवळले जाते. त्याचा दांडा साधारणतः १५, २० किंवा २५ इंच अशा ठरावीक लांबीत मिळतो. लहान रबरी बोटींच्या फळीची उंची बहुधा १५ इंचांच्या आसपास असते, मोठ्या बोटींची २० इंचांच्या. दोन्ही ठिकाणी स्क्रू सारखेच बसतात. घोळ होतो तो इथेच. चुकीच्या लांबीचे इंजिनही फळीवर व्यवस्थित बसते, किनाऱ्यावर सुरूही होते. चूक कळते ती प्रवाहात गेल्यावर.

पंख्याच्या वर इंजिनाला एक आडवी पट्टी असते. वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये, एवढेच तिचे काम. बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याच्या इंचभर खाली ही पट्टी आली, की माप जुळले असे समजावे. १५ इंची इंजिन २० इंची फळीवर चढवले तर ती पट्टी तळाच्या पाच इंच वर राहते. पंखा पाण्याऐवजी फेस आणि हवा कापू लागतो. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण बोटीला जोर मिळत नाही. थंड ठेवणारे पाणी ओढून घेण्याची छिद्रेही दांड्याच्या खालच्या भागातच असतात. ती उघडी पडली तर काही मिनिटांत इंजिन तापून बंद पडते. पुराच्या प्रवाहात बंद पडलेली बोट वाहत जाऊन पुलाच्या खांबाला किंवा झाडाला अडकते आणि उलटू शकते.

उलट चूक तुलनेने सौम्य वाटते. २० इंची इंजिन १५ इंची फळीवर चालते, ओढीने थोडे संथ होते, पाणी उडवते. समुद्रात एवढ्यावर भागेल. शहरी पुराची गोष्ट निराळी. तेथे बोट गल्लीतून जाते. खाली कुंपणाच्या जाळ्या, बुडालेल्या दुचाकी, लोंबत्या तारा, साड्या आणि प्लास्टिक असते. पंखा पाच इंच अधिक खोल, म्हणजे अडकण्याची शक्यता तितकी अधिक. आणि पंखा उचलून घ्यावा, तर बोट वल्ह्यांवर येते.

माप घेणे मात्र अवघड नाही. फळीच्या मध्यभागी, जेथे इंजिन बसते तेथून, तळाच्या सर्वांत खालच्या रेषेपर्यंत सरळ अंतर मोजायचे; कोपऱ्यातून नव्हे, कारण अनेक फळ्या मधोमध कापून खाली केलेल्या असतात. इंजिन वरखाली होणाऱ्या जोडपट्टीवर असेल, तर ती पट्टी प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत ठेवून मोजावे. रबरी बोटीत पूर्ण हवा भरलेली हवी. हवा कमी असली की बोट मध्यात वाकते आणि कागदावरचे माप निरुपयोगी ठरते. लांब दांड्यासाठी फळीवर ठोकळा चढवता येतो. आखूड दांड्यासाठी फळी कापणे हा मात्र आत्मघाती उपाय आहे, कारण मागून पाणी आत येण्याचा अडसरच त्याने जातो.

मापाइतकाच भाराचा प्रश्न आहे. घाबरलेली माणसे पुढच्या बाजूला गोळा झाली, की मागचा भाग उचलला जातो आणि अचूक बसवलेला पंखाही हवेत येतो. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून डझनाहून अधिक जीव गेले. चर्चा झाली ती क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवल्याची, आणि ती रास्तच होती. परंतु किती माणसे, कोठे बसवायची हे ठरवणारा प्रशिक्षित चालक आणि त्या बोटीचे स्वतःचे इंजिन या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

बोट एका वर्षी आणि इंजिन दुसऱ्या वर्षी, वेगवेगळ्या निविदांतून घेतले गेले, की ही विसंगती सहज शिरते. निविदेत अश्वशक्ती असते, किंमत असते. दांड्याची लांबी आणि फळीची उंची एकत्र लिहिलेली असावी, हा आग्रह धरणारा कोणी नसतो. एका बोटीचे इंजिन दुरुस्तीला गेले म्हणून दुसरीचे काढून लावणे हेही संकटकाळात स्वाभाविक आहे. गंमत अशी, की पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतून चाकणच्या मोटार कंपन्यांकडे जाणारा एखादा सुटा भाग मायक्रॉनच्या फरकाने नाकारला जातो. गेज लावल्याशिवाय पुढे काही न सोडणारे हजारो हात या पट्ट्यात रोज कामावर जातात, आणि त्यांतील अनेकांची घरे पूररेषेच्या आसपास आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियनही जवळच, सुदुंबरे येथे आहे. म्हणजे मोजणारेही जवळ आहेत आणि चालवणारेही.

मे महिन्यात नद्या शांत असतात. प्रत्येक बोट पूर्ण भाराने पाण्यात उतरवून, तिच्या फळीवर आणि तिच्या इंजिनावर एकच क्रमांक रंगवण्याचे काम तेव्हाच होऊ शकते. जुलैत, धरणाचे दरवाजे उघडल्यावर, मोजपट्टी शोधायला वेळ नसतो.