खारी मारायला पाहुणे, डुकरे मारायला अर्ज



अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ईशान्य कोपऱ्यात लसूणघासाची मोठी शेती आहे. तिथे बेल्डिंगची खार नावाचा प्राणी शेतकऱ्याचा वैरी. आपल्या झाडावरच्या खारीसारखी नव्हे. ही बिळात राहते, जमीन पोखरते, कोवळा घास फस्त करते. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ झोपून काढते आणि थंडी ओसरताना भुकेली वर येते. धान्यात विष कालवून ठेवले तर फारशी तोंड लावत नाही, तिला हिरवेच लागते. मग तिथला शेतकरी फाटक उघडतो. शहरांतून बंदूकवाल्यांच्या टोळ्या सहलीला याव्या तशा येतात, दिवसभर खारी टिपतात. किती मारायच्या याला सरकारची मर्यादा नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, आपणही तेच करू. शहरातले हौशी शिकारी बोलावू, रानडुकरे आणि रोही संपवून टाकू. आम्हाला हे पटत नाही. प्राणिमित्र म्हणतात त्या कारणासाठी तर मुळीच नाही. ज्याला रात्रभर माळ्यावर डबे वाजवावे लागत नाहीत त्याने डुकराची कीव करावी, आमची हरकत नाही.

खार दिवसाउजेडी मोकळ्या रानात उभी दिसते. डुक्कर येते रात्री, ज्वारी डोक्याच्या वर गेली की. शेजारच्या वावरात आपलाच भाऊ जागलीला असतो. तिथे वाट माहीत नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक द्यायची? शिवाय डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्ले घालते. दहा मारून पाहुणे गेले, तर पुढच्या तुरीला कळप पुन्हा हजर. खारींच्या बाबतीतही कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विस्तारवाले सांगतात की बंदुकीला वेळ फार लागतो, थोड्या संख्येपुरतीच ती कामाची. मेलेल्या खारी खाऊन गरुडांच्या पोटात शिसे जाऊ शकते, आणि जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे.

आपल्या देशातही हा प्रयोग झालेला आहे. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय उपद्रवी ठरवली. जून २०१६ मध्ये हैदराबादचे शिकारी मोकाम्याला आले, दोनशेवर नीलगाई मारल्या. दिल्लीत दोन मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले, वर्तमानपत्रांना आठवडाभर खाद्य मिळाले. शिकारी परत गेले. शेतकऱ्यांची तक्रार त्यानंतरही संपली नाही.

बंदूक नको असे आम्ही म्हणत नाही. ती कुणाच्या हाती आणि कुणाच्या हुकमाने, एवढाच वाद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी देते. एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत गेले, तरी ही वाट बंद झालेली नाही. पण परवानगी मागायची वनखात्याकडे. डुक्कर आज रात्री येणार, साहेब सोमवारी भेटणार! तोवर कुणीतरी वैतागून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो आणि सकाळी त्या तारेला माणूस चिकटलेला सापडतो.

केरळने मे २०२२ मध्ये डुकरांपुरता हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाकडे दिला. आपल्याकडे का नको? गावातलेच चार परवानाधारक, ज्यांना प्रत्येक धुरा आणि प्रत्येक जागल्या ठाऊक आहे, त्यांनी पेरणीआधी रान मोकळे असताना, दिवसा, गावाला दवंडी देऊन हे काम करावे. मारलेल्या जनावराचा पंचनामा गावानेच करावा. आणि ज्वारी सोडून दिलेल्या शेतकऱ्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे, तेही वनखात्याने सांगावे. पीक घेतलेच नाही, तर भरपाई कशाची?

जिल्हा मेळाव्याला येताना दिलेल्या अर्जाची पोच आणि पंचनाम्याची नक्कल बरोबर आणा. अर्जाची तारीख आणि उत्तराची तारीख, दोन्ही आम्ही मांडवात फळ्यावर लिहिणार आहोत. उत्तर आलेच नसेल तर तो रकाना कोरा ठेवू.