स्प्रिंकलरचं पाणी तिकडे गोठतं, आपल्याकडे कुठे जातं?

दर हिवाळ्यात अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींचे रील्स आपल्या फीडवर येतात. गाडीवर साचलेला बर्फ, उकळतं पाणी हवेत फेकण्याचा खेळ आणि मधूनच एखादा व्हिडिओ, ज्यात अपार्टमेंटच्या छतातून धबधबा कोसळतोय. खाली कुणीतरी विचारतं, "भाऊ, आग लागली का?" आग लागलेली नसते. आग विझवण्यासाठी छतात बसवलेल्या स्प्रिंकलरचा पाईप गोठून फुटलेला असतो.

पिंप्राळ्यात बसून हे बघणाऱ्याला वाटेल, आपला काय संबंध? इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. धुळ्यात थंडीच्या लाटेत तो पाच अंशांच्या आसपास उतरतो, सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे दवबिंदू गोठल्याचे फोटो व्हायरल होतात, पण ते उघड्यावरच्या गवताचं झालं. इमारतीतला पाईप खान्देशात गोठत नाही. तरीही तिकडचे लोक हा पाईप वाचवायला काय काय करतात ते समजून घ्यायला हवं, कारण ज्या पाण्यासाठी त्यांची धडपड चालते, ते पाणी आपल्याकडच्या पाईपातूनही गायब असतं. फक्त बर्फ न होता.

आधी स्प्रिंकलर कसा चालतो ते बघू. सिनेमात एकानं सिगारेट पेटवली की अख्ख्या मजल्यावर पाऊस सुरू होतो. तसं नसतं. छताला दिसणाऱ्या प्रत्येक तोटीत एक छोटा काचेचा बल्ब असतो, आत रंगीत द्रव. खाली आग लागली, छताजवळची हवा तापली की द्रव फुगतो, काच फुटते आणि त्याच तोटीतून पाणी पडतं. शेजारची तोटी तिचा बल्ब फुटेपर्यंत गप्प राहते. म्हणजे बल्बच्या मागे पाईपात पाणी दाबानं भरलेलंच असायला हवं. वर्ष असो, दहा वर्षं असोत, त्या पाण्यानं तिथं वाट बघत उभं राहायचं.

थंड देशात अडचण इथेच होते. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पाईपात बर्फाचा बुच तयार झाला की तो पुढे सरकत जातो, बुच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाईप किंवा जोड जिथे कच्चा असेल तिथे फाटतो. गंमत म्हणजे त्या क्षणी काहीच कळत नाही, कारण बर्फच भोक बुजवून बसलेला असतो. ऊन पडलं, बर्फ वितळला की धबधबा.

म्हणून अमेरिकेच्या नियमात पाण्यानं भरलेली स्प्रिंकलर लाईन जिथून जाते तिथलं तापमान किमान ४ अंश सेल्सिअस ठेवावं लागतं. ते जमत नसेल तर पर्याय आहेत. एक, पाईपात पाण्याऐवजी हवा भरायची आणि पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हमागे थांबवायचं; मग आग लागल्यावर पाणी तोटीपर्यंत पोहोचायला थोडा वेळ जातो. दुसरा, पाण्यात न गोठणारं रसायन मिसळायचं. यावर लोक निवांत होते, पण २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी इथे स्वयंपाकघरातल्या आगीवर असं मिश्रण पडलं आणि त्यानंच पेट घेतला. त्यात एका व्यक्तीचा जीव गेला. पुढच्याच वर्षी घरांमध्ये अशा मिश्रणाच्या वापरावर निर्बंध आले.

तिसरा पर्याय हीट ट्रेसिंग. नाव जड आहे, वस्तू साधी आहे: पाईपाला लागून चिकटवलेली गरम होणारी केबल. तुमच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायला एक छोटा हीटर असतो, त्याची ही लांबलचक मावसबहीण समजा. पाईपाच्या कडेनं केबल ओढायची, वरून इन्सुलेशनचं जाकीट घालायचं. चांगल्या केबलमध्ये दोन तारांच्या मध्ये एक खास प्लास्टिक असतं. थंडी वाढली की त्यातून जास्त वीज जाते, ऊब आली की आपोआप कमी. व्हॉल्व्हजवळ केबलचे जास्तीचे वेढे द्यावे लागतात, कारण तिथे लोखंड जास्त, म्हणजे उष्णताही तिथूनच भराभर निसटते. मात्र तोटीवर जाकीट चढवायचं नाही. बल्बला आगीची झळच लागली नाही तर तो फुटणार कसा? आणि कुठलीही केबल चालत नाही, स्प्रिंकलरसाठी तपासून मान्य केलेलीच लागते.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती नियमातली दुसरी अट. ही केबल चालू आहे की नाही, यावर यंत्रणेनं सतत लक्ष ठेवायचं. तिची वीज गेली तर सूचना मिळाली पाहिजे. म्हणजे आग विझवणाऱ्या पाण्यावर पहारा, आणि त्या पहारेकऱ्यावर आणखी एक पहारा.

तरी हे सगळं विजेवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि मग घराघरांतले पाईप फुटले. लोडशेडिंग भोगलेल्या खान्देशी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याकडे येऊ. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही, तो शीतगृहात आहे. जळगावच्या केळीच्या कोल्ड रूममध्ये तापमान १३-१४ अंश ठेवतात, तिथे पाईपाला धोका नाही. पण फ्रोझन भाजी, आइस्क्रीम यांची खोली उणे १८ ला असते. तिथे पाण्यानं भरलेली साधी लाईन चालतच नाही. बाहेरून थंड खोलीत शिरणारा पाईप आणि दारालगतचा व्हॉल्व्ह सांभाळावा लागतो. 'एवढ्या थंडीत आग कशी लागेल?' हा प्रश्न फसवा आहे. या खोल्यांच्या भिंतींत बहुतेकदा फोमचे पॅनेल असतात. वायरिंगची एक ठिणगी आत गेली की फोम आतल्या आत पेटत जातो.

पण हा अपवाद झाला. मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यावरचा सगळ्यात बोलका आकडा अमेरिकेतलाच आहे. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेनं वर्षानुवर्षांच्या आगींचा हिशेब मांडला. आग मोठी होती, स्प्रिंकलर बसवलेला होता, तरी चालला नाही, अशा दर पाच घटनांपैकी जवळपास तीनमध्ये कारण एकच: यंत्रणा आधीच बंद केलेली होती. कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवून ठेवला होता. कुठे गळती होती, कुठे दुरुस्ती चालू होती, कुठे उघडायचं राहून गेलं.

आपल्याकडे असा देशव्यापी हिशेब दिसत नाही, पण घटना आठवून बघा. २२ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत करी रोडच्या अविघ्न पार्क या उंच इमारतीत आग लागली, जीव वाचवायला बाल्कनीतून लटकलेला माणूस १९व्या मजल्यावरून पडून गेला. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, असं त्यानंतर समोर आलं. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत त्याच दिवशी ११ रुग्ण गेले. तिथे फायर ऑडिट झालेलं होतं, सुचवलेली कामं पूर्ण व्हायची होती. त्याआधी ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं. एका वर्षातली ही तीन नावं आहेत, यादी यापेक्षा लांब आहे.

खान्देशात यात उन्हाची भर पडते. बल्बच्या द्रवाचा रंग सांगतो की तो किती अंशांना फुटेल: लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३. सगळीकडे दिसतो तो लाल. भारतीय मानक आयएस १५१०५ सांगतं की त्या जागेत अपेक्षित असलेल्या कमाल तापमानापेक्षा बल्ब किमान ३० अंशांनी वरचा हवा. आता पिंप्राळ्यातलं एखादं पत्र्याचं गोदाम डोळ्यासमोर आणा. मे महिन्याची दुपार, बाहेर ४५. सावलीतलं ४५ धरलं तरी ३० मिळवून ७५ होतात, म्हणजे ६८ चा लाल बल्ब इथे नियमातच बसत नाही. पत्र्याखाली तर पारा पन्नाशी ओलांडतो, तिथे ७९ चाही अपुरा पडून हिरव्याचा विचार करावा लागतो. पुण्या-मुंबईच्या कंत्राटदारानं नेहमीचा माल बसवून दिला, तर मालकाला हे कोण सांगणार?

लाल बल्ब पन्नास अंशांना लगेच फुटतो असं नाही. पण मधलं अंतर कमी झालं की विनाकारण फुटण्याची शक्यता वाढते. एकदा जरी आग नसताना पाणी पडून माल भिजला, की मालक पहिलं काय करतो? व्हॉल्व्ह बंद. टेक्सासमध्ये थंडीनं जे केलं, तेच इथे ऊन करू शकतं.

शिवाय पाणी. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी रोज मिळत नाही. अशा गावात इमारतीखाली हजारो लिटर पाणी 'फक्त आगीसाठी' राखून ठेवायचं म्हणजे उन्हाळ्यात रहिवाशांच्या डोळ्यात खुपणारच. त्यांची बाजूही मला समजते. प्यायला टँकर मागवायचा आणि खाली टाकी भरलेली ठेवायची, हे कुणालाही जड जाईल. त्यामुळे ही टाकी वेगळी आणि हात न लावता येणारी बांधणं हे बिल्डरचं काम आहे, रहिवाशांच्या संयमावर सोडायचं नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, तो लागू असलेल्या इमारतीच्या मालकानं किंवा सोसायटीनं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यायचं असतं. यालाच फॉर्म बी म्हणतात. अडचण उघड आहे: प्रमाणपत्र दोन दिवसांचं सत्य सांगतं, व्हॉल्व्ह उरलेल्या ३६३ दिवसांत कधीही फिरवता येतो. अमेरिकेत यंत्रणा २४ तासांत १० तासांहून जास्त बंद राहिली तर इमारत रिकामी करणं, गस्तीला माणूस ठेवणं असा काहीतरी पर्यायी बंदोबस्त करावा लागतो. आपल्याकडे व्हॉल्व्ह बंद झाला हे वॉचमनलाच माहीत असतं. कधी कधी त्यालाही नसतं.

तुमच्या सोसायटीत, हॉस्पिटलात किंवा क्लासच्या इमारतीत हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. तळमजल्यावर पंपाजवळ दाब दाखवणारा काटा असतो. तो शून्यावर असेल तर पाईपात दाबच नाही, विषय संपला. मुख्य व्हॉल्व्ह उघडा आहे का आणि कुणी सहज फिरवू नये म्हणून त्याला साखळी-कुलूप आहे का, तेही दिसतं. सगळ्यात लांबच्या टोकाला तपासणीची एक तोटी असते. एजन्सीचा माणूस आला की ती त्याला आपल्यासमोर उघडायला सांगा. पाणी आलं पाहिजे, बेल वाजली पाहिजे, पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. नंतर एकदा मेन स्विच पाडून डिझेल पंप सुरू होतो का तेही बघायला सांगा, कारण आग लागली की वीज आधी जाते.

आणि ग्रुपवर फॉर्म बीची पीडीएफ मागा. आली, तर आधी तारीख बघा.