गाळाची श्रीमंती
निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला पौषातल्या पहाटे उभे राहिले, की धुक्यातून आधी चक्रवाकांचा आवाज येतो. पक्षी मागाहून दिसतात. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत बंधारा झाला आणि त्यात गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात गाळ म्हणजे तूटच. पण त्याच गाळाने उथळ पाणी दिले, बेटे दिली, पाणवनस्पती दिल्या. थापट्या, तलवार बदकांसारखे पाहुणे हिमालयापलीकडून येऊ लागले. २०१९ साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान याच जागेला मिळाला. मग गावाबाहेरच्या दलदलीला ‘पडीक’ ठरवून भराव टाकण्याची आपल्याला एवढी घाई का? मुलांना घेऊन एकदा नांदूरला जाऊन या. आणि पुढे ग्रामसभेत तळे बुजवण्याचा ठराव आला, तर विरोधात हात वर करा.