पंचनाम्यात पोटातलं बाळही धरा

प्रति,
महिला व बाल विकास विभाग, महाराष्ट्र शासन



३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून कळशी घेऊन विहिरीवर निघाली. सातवा महिना. वाटेवर पोफळी आडव्या पडलेल्या. एकेका खोडावर हात टेकायचा, पोट सांभाळायचं, पाय पलीकडे टाकायचा. वीज नाही म्हणून पंप बंद. पत्रे उडालेले, तांदूळ भिजलेले. तिच्या तपासणीची तारीख तशीच गेली.

पंचनाम्यात पत्रे मोजतात, नारळी-पोफळी मोजतात. मोजायलाच हव्यात, वाडी पुन्हा उभी राहायला वर्षं जातात. पण पोटातल्या बाळाला तिथे रकाना नसतो.

तो रकाना का हवा, ते एका अभ्यासातून दिसतं. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाचं वादळ झालं. लाखो घरांची वीज गेली, काहींची महिन्याहून जास्त. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांची मुलं सुझान किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तपासली. वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का, असे साधे प्रश्न आयांना विचारले होते. ज्यांचे हाल जास्त, त्यांची मुलं दुसऱ्या वर्षी भाषेत सरासरीने मागे दिसली. साडेपाचाव्या वर्षी त्यांच्यात लठ्ठपणाही जास्त आढळला. तीही बहुतेक सुस्थितीतल्या घरांतली मुलं! ताणाने आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. वार त्यातलं बरंचसं अडवते, पण सगळं नाही. आमच्याकडे अर्धपोटी दिवस आणि चुकलेल्या लोहाच्या गोळ्या यांची त्यात भर.

आयांना घाबरवायला हे लिहीत नाही. ही सरासरी आहे, एकेका मुलाचं भविष्य नव्हे. म्हणूनच वेळेवर लक्ष हवं.

अंगणवाडीताईकडे गरोदर बायकांची यादी असतेच. वादळानंतर आठवड्याच्या आत ती पंचनाम्याला जोडा. क्वेबेकमधले तेच दोन प्रश्न विचारा. पाणी आणि शिधा आधी त्या घरांत पोचवा, चुकलेली तपासणी घरी जाऊन करा. पुढे सहा वर्षं त्या बाळाची उंची, वजन, बोलणं वेगळी खूण करून बघत राहा.

निसर्गच्या वेळी पोटात असलेली मुलं आता शाळेत जातात, शेजारच्या त्या सुनेचा मुलगाही. त्यांची उंची-वजनं अंगणवाडीच्या नोंदींत आहेत. निदान श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड एवढ्या तालुक्यांपुरत्या तरी त्या नोंदी यंदा उघडून बघा.

आपली,
श्रीवर्धन तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका