विंडोज १० संपलं, आता शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट बंद केला. शाळेच्या लॅबमधले जुने पीसी त्यानंतरही सुरू होतात, पण त्यांना सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक पीसी अधिकृतपणे बाद.

शाळांसाठी जास्तीचे अपडेट स्वस्त आहेत, हे मान्य करायला हवं. पहिल्या वर्षी पीसीमागे १ डॉलर, मग २, मग ४. पण २०२८ मध्ये प्रश्न पुन्हा तिथेच येणार.

मग लिनक्स टाका, असं आपण पटकन म्हणतो. (तुमचा अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतो.) पण वीस पीसींवर पेन ड्राइव्ह फिरवून उबुंटू टाकलं, की वर्षभरात वीस वेगवेगळी दुखणी तयार होतात. आणि ती निस्तरायची कोणी? गणित शिकवणाऱ्या सरांनी!

त्यापेक्षा एलटीएसपी वापरा. एक बऱ्यापैकी पीसी सर्व्हर करायचा, बाकीचे नेटवर्कवरून बूट होतात. त्यांची हार्ड डिस्क मेलेली असली तरी चालतं. प्रोग्रॅम मात्र ज्याच्या त्याच्या प्रोसेसर-रॅमवर चालतात, म्हणून रॅम ४ जीबी असलेली बरी. नवीन सॉफ्टवेअर फक्त सर्व्हरवर टाकायचं, इमेज पुन्हा बनवायची, पीसी रीस्टार्ट करायचे. मुलांच्या फायली सर्व्हरवर, त्यामुळे कुठेही बसा. एपॉप्टेस टाकलं तर सरांना सगळ्यांच्या स्क्रीन एका जागी दिसतात. खर्च गिगाबिट स्विच, केबल आणि यूपीएसचा. वायफायवर हे जमत नाही, आणि सर्व्हर बसला की अख्खी लॅब बसते. यूपीएसवर काटकसर नको.

तरी खरी अडचण तांत्रिक नाही. केरळमध्ये २००१ पासून आयटी@स्कूल प्रकल्प सुरू आहे. आता तो काइट नावाच्या सरकारी कंपनीकडे आहे. त्यांचं उबुंटूवर बेतलेलं स्वतःचं लिनक्स आहे, आणि आयटीचं पुस्तक अन् शिक्षकांचं ट्रेनिंगही त्याच सॉफ्टवेअरवर. आपल्याकडे त्याच २००१ साली एमएस-सीआयटी आलं आणि ‘कॉम्प्युटर येतो’ म्हणजे विंडोज अन् वर्ड हे घराघरात पक्कं झालं. पालक विचारणारच, ‘वर्ड नाही शिकवत?’

दुसरा अडथळा आपल्या भाषेचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये उघडल्या तर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. फोनवरही तेच होतं, म्हणजे त्या कधीतरी युनिकोडमध्ये आणाव्या लागणारच आहेत. तोवर ऑफिसातला एक पीसी विंडोजवर राहू द्या.

तुमच्या जुन्या शाळेत हे करून बघायचं असेल, तर आधी दोनच पीसी आणि एक स्विच घ्या, तेही सुट्टीत. बायोसमध्ये नेटवर्क बूटचा पर्याय आहे का, ते सगळ्यात आधी तपासा.