चाळिशी आणि जवळचे जग

मराठीत 'चाळिशी' हा शब्द एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. चाळीस वर्षांचे वय म्हणजे चाळिशी, आणि त्या वयात नाकावर येऊन बसणारा वाचायचा चष्मा म्हणजेही चाळिशी. वयाला आणि चष्म्याला एकच नाव देणाऱ्या भाषेने या वयाचे मर्म अचूक हेरले आहे, असे आम्हांस वाटते. डोळ्यातील भिंगाची लवचिकता हळूहळू कमी होत जाते आणि या सुमारास तिचा परिणाम जाणवू लागतो. रस्त्यापलीकडची पाटी स्वच्छ वाचता येते, हातातल्या पुस्तकाची ओळ मात्र पुसट होते. लांबचे दिसते, जवळचे दिसेनासे होते.

आम्ही महाविद्यालयांतून मराठी शिकवणारे आणि हे वय गाठलेले काही जण. डोळ्यांच्या बाबतीत जे शब्दशः घडते, तेच या वयात आयुष्याच्या बाबतीतही घडते, असे आमचे निरीक्षण आहे. मुलांचे प्रवेश, घराच्या कर्जाचे हप्ते, आईवडिलांची आजारपणे, अडलेली पदोन्नती, निवृत्तीनंतरची तजवीज हे सारे लांबचे अगदी ठळक दिसते. ताटातली भाजी, दारातले झाड, शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी हे पुसट होत जाते. मध्यवयातील स्वास्थ्याचा विचार करायचा तर तो या पुसटपणापासून सुरू करावा लागेल.

आज या स्वास्थ्याबद्दल सल्ल्यांची टंचाई नाही. अडचण अशी की बहुतेक सल्ले हिशेबाच्या भाषेत येतात. रोज दहा हजार पावले चालावे, हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय वचन. या आकड्याचा उगम मात्र वैद्यकशास्त्रात नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजण्याचे एक छोटे यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. गोल आणि लक्षात राहणारा हा आकडा यंत्रासोबत जगभर गेला आणि त्याला आरोग्यसूत्राची प्रतिष्ठा लाभली. पुढच्या संशोधनात त्याहून बऱ्याच कमी पावलांनीही चांगला लाभ होतो, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत तर पावलांचा आकडाच नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावेत, एवढेच तेथे सांगितले आहे. ही सूचना शहाणपणाची आहे आणि ती पाळावी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. रक्तदाब आणि साखर वेळोवेळी तपासून घ्यावी, हेही खरेच. आमचा आक्षेप आहे तो चालण्याची जागा मोजणीने घेण्याला. मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहत चालणाऱ्या माणसाला दहा हजार पावले सापडतात आणि रस्ता हरवतो.

आपल्या परंपरेत दिनचर्या हा विषय नवा नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येला आणि तिसरा ऋतुचर्येला वाहिलेला आहे. बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, ही त्यातली सूचना आजच्या अतिउत्साही मंडळींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. 'दासबोधा'च्या अकराव्या दशकातील तिसऱ्या समासात समर्थांनी दिवस कसा घालवावा ते सांगितले आहे, आणि तेथे पहाटे उठण्याला लागूनच पाठांतर येते. आम्हां भाषेच्या शिक्षकांना हा क्रम मोलाचा वाटतो. देहाची निगा आणि शब्दाची निगा या दोन वेगळ्या खात्यांत टाकायच्या गोष्टी आहेत, असे समर्थांना वाटले नाही.

तरीही आम्हांस मुख्यत्वे बोलायचे आहे ते या जुन्या ग्रंथांविषयी नाही, तर आपल्या अभ्यासक्रमातल्या एका दुर्लक्षित साहित्यप्रकाराविषयी. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा संग्रह १९४९ साली आला. त्यांचा जन्म १९०५चा. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६चे, जन्म १९१०चा. विंदा करंदीकरांची 'स्पर्शाची पालवी' १९५८ची, जन्म १९१८चा. चाळिशीच्या उंबरठ्यावर किंवा चाळिशीच्या मध्यावर असलेल्या तीन लेखकांनी मराठी ललितनिबंधाला त्याचे प्रौढ रूप दिले. याला अपवाद आहेत. अनंत काणेकरांच्या लघुनिबंधांचा 'पिकली पाने' हा संग्रह १९३४ साली निघाला, तेव्हा ते तिशीच्याही आत होते, आणि विशीतल्या माणसाने पुस्तकाला असे नाव द्यावे यातच त्या प्रकाराचा ओढा दिसतो. कविता विशीत साधते आणि ललितनिबंध चाळिशीत, असा नियम आम्ही मांडत नाही. मात्र ललितनिबंधाला लागणारी दृष्टी, म्हणजे ज्यात काही घडत नाही अशा रोजच्या गोष्टीजवळ थांबण्याची तयारी, ही पुष्कळदा या वयात येते किंवा या वयात कमवावी लागते.

'परिपूर्ती' या शीर्षकलेखातले सुख पाहा. विदुषी म्हणून मान्यता पावलेल्या बाईची ओळख अमक्याची सून, अमक्याची पत्नी अशी करून दिली जाते आणि त्या ओळखीत काही तरी राहून गेल्याचे तिला वाटत राहते. मग रस्त्यात एक पोरगा दुसऱ्याला तिच्याकडे बोट दाखवून सांगतो की ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई. तेवढ्याने ओळख पुरी होते. यात विनोद आहे, उपरोध आहे आणि निखळ आनंदही आहे. रस्त्याने जाताना कानावर पडलेले एक वाक्य ऐकू येण्याइतके मन मोकळे असणे, हेच त्या सुखाचे भांडवल.

'ऋतुचक्रा'त चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने आहेत. लेखिका मुंबईसारख्या शहरात राहणारी. ऐन तारुण्यात, मध्य प्रांतातील आदिवासी भागात संशोधन करताना झालेल्या विषबाधेमुळे तिची अनेक वर्षे आजारपणात गेलेली. त्यानंतर हे पुस्तक आले. पाकक्रियेवर 'खमंग' हे पुस्तक लिहिणाऱ्याही याच दुर्गाबाई. झाडाचा पालवता रंग आणि फोडणीचा वास यांत त्यांनी उच्चनीच केले नाही.

येथे एक जुना आक्षेप आठवतो. ललितनिबंध हा पोट भरलेल्या मध्यमवर्गाचा विरंगुळा आहे आणि छोट्या सुखांची भाषा मोठ्या प्रश्नांवर पांघरूण घालते, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. चहाच्या वाफेवर आणि पहिल्या पावसावर लिहिलेल्या, कशालाही न भिडणाऱ्या लेखनाचे ढीग आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु 'ऋतुचक्र' लिहिणारी व्यक्तीच १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष होती. आणीबाणीच्या त्या दिवसांत, सत्ताधारी उपस्थित असताना, तिने जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे तुरुंगवासही पत्करला. पानाफुलांकडे लक्ष देणारे मन अन्यायाकडे डोळेझाक करते, हे समीकरण येथे मोडून पडते. जवळचे नीट पाहण्याची सवय असलेल्या माणसाला खोटेही लवकर दिसत असावे.

आक्षेपाची दुसरी बाजू अधिक कठीण आहे. छोट्या सुखालाही वेळ लागतो आणि वेळ सर्वांना सारखा मिळालेला नाही. भारत सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामोबदला कामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे रोज तीन तासांहून अधिक अंतर. सकाळच्या प्रसन्न फेरफटक्याची थोरवी गाणाऱ्या पुरुषाने त्या वेळात घरी डबे कोण भरत असते, हे आधी पाहावे. आमच्यातल्या प्राध्यापिकांनी हा मुद्दा लेखाच्या चर्चेत सर्वांत आधी मांडला, आणि तो लेखाच्या मध्यभागी असावा असा आग्रह धरला.

बहिणाबाई चौधरींची गाणी शेतात आणि घरात काम करता करता झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. कष्टातच सुखाची जागा शोधणाऱ्या या बायांच्या प्रतिभेपुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यावरून कष्ट हेच सुख, असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्यांच्या दुखऱ्या खांद्यांचा अपमान आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी थांबेल म्हणून कुणी बाई गिरणीला अडवायला गेली नाही. ओवी टिकवायची ती जात्याशिवाय कशी टिकेल, हा प्रश्न आपला आहे.

आमच्या व्यवसायातही वेळेची विषमता आहेच. तासिका तत्त्वावर शिकवणारा आमचा सहकारी सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेतो. मधल्या वेळात तो बसस्थानकावर वडापाव खातो, आणि सुटीच्या महिन्यांत त्याला मानधन नसते. त्यानेही चाळिशी गाठली आहे. त्याला योगासने आणि संतुलित आहार सुचवणे ही क्रूर थट्टा होईल. त्याचे स्वास्थ्य नियमित नेमणुकीत आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की मध्यवयातील सुख ही वैयक्तिक शिस्तीची बाब मानून प्रत्येकाच्या माथी मारू नये. त्यातला काही भाग वाटून घ्यायचा असतो आणि काही भाग मागून, भांडून मिळवायचा असतो.

वाटून घेण्याजोगे पुष्कळ आहे. विभागातल्या सर्वांनी आठवड्यातून निदान एक दिवस डबे एकत्र उघडावेत आणि त्या वेळी मूल्यांकनाच्या फायलींचा विषय काढू नये. भोगीच्या दिवसांत मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावसाळ्याच्या तोंडाशी टाकळा, शेवळे, भारंगी यांसारख्या रानभाज्या हे ऋतूंचे वेळापत्रक बाजारात आणि ताटात अजून शाबूत आहे. ते पाळायला पैसे फारसे लागत नाहीत, ते माहीत असावे लागते. घरी ते कुणी रांधायचे हे मात्र आधी ठरवावे आणि पुरुषांनीही पाट्यावर किंवा मिक्सरवर हात चालवावा. आवारातल्या दहा झाडांची मराठी नावे प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला यावीत. फाल्गुनात पळस, चैत्रात करंजाची कोवळी पालवी, वैशाखात बहावा आणि ताम्हण इतके ओळखीचे झाले, तरी दोन तासांमधली दहा मिनिटे चालण्यात जातील आणि पावले मोजण्याची आठवण राहणार नाही.

आणखी एक सवय खास आमच्या पेशाची. उभे राहून तासन्‌तास बोलणे हा आमचा धंदा असल्याने घसा आणि पाय आधी थकतात. पण शिकवताना आपण बोलतो ते बहुतेक समजावून सांगण्यासाठी. केवळ आनंदासाठी मोठ्याने वाचणे चाळिशीपर्यंत बहुतेकांचे सुटलेले असते. रोज एक कविता, शिकवायची नसलेली, मोठ्याने म्हणावी. महिनाभर एकच कविता चालेल. श्वास लांबतो, शब्दांचे वजन जिभेला कळते आणि पाठांतर आपोआप होते. जुन्या शिक्षकांना शेकडो ओळी मुखोद्गत असत, ते स्मरणशक्तीचे प्रदर्शन नव्हते. ती त्यांची सोबत होती.

विद्यार्थ्यांविषयी शेवटचे. आपण ललितनिबंध एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना शिकवतो, तोही बहुधा 'वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाच्या सोयीने. आत्मपरता, चिंतनशीलता, काव्यात्मता अशी यादी ते पाठ करतात आणि पुस्तक मिटतात. त्यांचा दोष नाही. त्यांचे डोळे अजून जवळचे सहज पाहू शकतात, म्हणून ते पाहण्याचे मोल त्यांना ठाऊक नसते. मोल कळण्याच्या वयाचे आपण आहोत. तेव्हा या सुटीत नवीन संदर्भग्रंथ बाजूला ठेवून 'ऋतुचक्र' किंवा 'परिपूर्ती' पुन्हा वाचावे, परीक्षेचा विचार न करता, एका बैठकीत एकच लेख. मग जूनमध्ये वर्गात गेल्यावर वैशिष्ट्यांची यादी सांगण्याआधी मुलांना खिडकीबाहेरच्या झाडाचे नाव विचारावे. ते आपल्याला येत असले म्हणजे झाले.