श्रीफळ कसले, हा तर नारळ!

नेदरलँड्समधील स्खिपोल विमानतळाला खेटून वसलेल्या बाडहूव्हडॉर्पची वेस ओलांडली की पश्चिम आम्स्टरडॅम लागते. तेथील १६ प्राथमिक शाळा जानेवारी २०२०च्या अखेरीस आठवडाभर बंद राहिल्या. पूर नव्हता, दंगल नव्हती. शिकवायला माणसेच पुरेनात! माध्यमिकपेक्षा कमी वेतन आणि वर कागदांचा ढीग असेल, तर पुरावीत कशी? ५ ऑक्टोबर २०१७ रोजी, म्हणजे जागतिक शिक्षकदिनीच, प्राथमिक शिक्षकांनी देशव्यापी संप करून १४० कोटी युरोंची मागणी सरकारपुढे ठेवली होती. सरकारने घासाघीस केली, टोलवाटोलवी केली आणि अखेर २०२२मध्ये ही वेतनदरी बुजवली. त्या धनाढ्य देशाच्या चिक्कूपणाचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण निदान तेथे पगार मागणाऱ्याची बोळवण गुरुमाहात्म्य ऐकवून झाली नाही.

आणि येथे, महाराष्ट्रात? ज्या राज्यकर्त्यांनी २००० साली शिक्षणसेवक नावाची तीन वर्षांची वेठ निर्माण करून प्राथमिक शाळेतील तरुणाच्या हातावर दरमहा ३,००० रुपये टेकवले, २०१२मध्ये त्याचे ६,००० केले, मग महागाई जणू परमुलखात वाढते आहे अशा थाटात दशकभर झोपा काढल्या आणि उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर २०२३मध्ये १६,०००चा आकडा उच्चारला; ज्यांनी २००१मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आणून हजारो शिक्षकांना बिनपगारी फळ्यासमोर उभे केले, २००९मध्ये त्यातला ‘कायम’ खोडला आणि अनुदानाच्या पहिल्या २० टक्क्यांसाठी २०१६पर्यंत झुलवले, तेच दर ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ घेऊन व्यासपीठावर चढतात. श्रीफळ कसले? नारळच दिला की!

सरकारे बदलली, झेंडे बदलले. हे पाप तेवढे सर्वपक्षीय. ऑक्टोबर २०२४मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, याच शिक्षकांच्या शाळांसाठी वाढीव टप्पा अनुदानाचा शासन निर्णय निघाला. निधीची तरतूद मात्र झाली नाही. म्हणून जुलै २०२५मध्ये, ऐन पावसाळ्यात, मास्तर आणि बाई आझाद मैदानावर येऊन बसले. मते पदरात पडल्यावर मास्तरांची आठवण कोणाला?

कारण उघड आहे. या शाळांच्या तिजोरीची किल्ली ज्यांच्या कनवटीला आहे, त्यांची मुले या शाळांत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. तरी पोर्टलवर माहिती भरायला मास्तर, खिचडीचा हिशेब ठेवायला मास्तर, साहेबांच्या कार्यक्रमाला गर्दी जमवायलाही मास्तर! पगाराचे नाव काढले की मात्र तिजोरीत खडखडाट. ही अडचण नव्हे, ही शुद्ध लबाडी आहे. आणि ती करणाऱ्यांनी थकबाकी चुकती केल्याखेरीज येत्या ५ सप्टेंबरला कोणत्याही शाळेची पायरी चढू नये.